उपरण्याखालचा सौदा

अख्ख्या नगर शहरात कोणाचा जीव कशात अडकलाय याची चौकशी झाली, तर भिंतीत जीव अडकलेला एकमेव माणूस म्हणून आमच्या हिच्या मामांचंच नाव निघेल. भिंत त्यांच्या मालकीची नव्हे. बाजारपेठेतल्या एका गोदामाची आहे, आणि तिच्यावर माझ्या लहानपणापासून जुन्या बाजाराचं चित्र आहे. गुळाच्या ढेपा, कांद्याच्या गोण्या, बैलगाड्या, आणि मधोमध एका उपरण्याखाली हात घालून बसलेले दोन आडते. पूर्वी भाव असाच ठरे. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, आणि ठरलं ते बाहेर कोणाला सांगायचं नाही. मामांची उमेदीची सगळी वर्षं आडतीवरच गेली. त्या दोघांतला फेटेवाला म्हणजे आपले वडीलच, असं ते छातीठोक सांगतात. मामींच्या मते सासऱ्यांना असल्या मिशा कधीच नव्हत्या.

मामा रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्या दोघांची तोंडं पुसायचे. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका भिंतीपुढे. माझ्या लग्नानंतर देवदर्शनाला म्हणून मला बाहेर काढलं आणि थेट तिथेच नेऊन उभं केलं. मी मुकाट्यानं नमस्कार केला. पान खाऊन कोणी तिकडे नुसती मान वळवली तरी मामा रस्ता ओलांडून जायचे. उन्हाळ्यात तर कमालच. भर दुपारी छत्री उघडून उभे, स्वतः उन्हात आणि छत्री चित्रावर. चक्कर येईल म्हटलं तर म्हणायचे, "मला काय हुतंय? रंग उडला तर परत येत न्हाई."

मध्यंतरी ते गोदाम जुन्या मालकाच्या नातवाकडे आलं. त्यानं मोबाईलचं दुकान काढायचं ठरवलं आणि शटरची जागा आखली ती नेमकी त्या दोन आडत्यांवर. मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी मला बरोबर घेऊन ते त्याच्याकडे गेले. मला वाटलं आता भांडण होणार. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढे केला. "तुझा आजा आन मी असंच बोलायचो. घाल हात." तो हसला, आजूबाजूला कोणी पाहत नाही ना याची खात्री केली आणि हात घातला. बोटांची भाषा त्याला काय कळणार. मामाच त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. उपरणं बराच वेळ हलत राहिलं. पुढे शटर निघालं ते बाजूच्या गल्लीत. काय ठरलं, ते मामांनी मामींनाही सांगितलं नाही.

यंदा मामांचे गुडघे गेले आणि घराबाहेर पडणं बंद झालं. तरी माणूस निवांत, याचंच मला नवल वाटत होतं. मे महिन्यात भर दुपारी मी त्या रस्त्यानं गेलो, तर तो नातू दुकान सोडून भिंतीपाशी उभा होता. स्वतः उन्हात, मामांची काळी छत्री चित्रावर, आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं.

मी तसाच मामांकडे गेलो आणि सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. "जावईबापू, उपरण्याखालचं उघड्यावर बोलायचं नसतं. तुमी काय पाह्यलं न्हाई." मी बरं म्हटलं. थोड्या वेळानं खिडकीकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "फेटेवाल्याच्या मिशा नीट पुसतो ना?"

नीट पुसतो, मी म्हणालो. मामांनी समाधानानं डोळे मिटले. आपल्यामागे छत्री धरणारा एक माणूस त्यांनी मिळवून ठेवला होता, आणि मला त्यांचा फार हेवा वाटला.