आठव्या दिवसाचं दार

चाळीस वर्षं मी विहिरी खणल्या. बंगालातल्या बीरभूमची लाल माती वरून मऊ दिसते, दोन हातांवर मुरूम लागतो आणि मग पहारीशिवाय काम होत नाही. कुणी किती राबलं हे मला तोंडाने सांगावं लागत नाही. पाय बघितले की कळतं. तरुलतासारखे पाय मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

ती माझ्या बायकोची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी गोष्ठ गोसाईंच्या आखाड्यात, म्हणजे त्यांच्या मठात, गेली. गोसाई बाऊल, गात भिक्षा मागणारे साधू. गळा असा की बैलगाड्या थांबायच्या. दोघांनी जोडीने भेक, म्हणजे बैराग्याचा वेष, घेतला. भेक घेतलेला माणूस जगाच्या लेखी मेलेला. दारोदार मागून आणलेल्या तांदळावर जगायचं, साठवायचं नाही. जोडीने राहायचं, जोडीने गायचं, पण मूल होऊ द्यायचं नाही. मूल झालं की साधना बुडाली आणि गुरूचं तोंड काळं झालं.

दोन वर्षांत तरुला दिवस गेले.

गोसाईंनी तिला आमच्या घरी आणून सोडलं. माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, तुम्हाला मूलबाळ नाही. तुमचंच म्हणून सांगा." मला म्हणाले, "हराधन, गुरूची शपथ आहे तुला." मुलगी झाली. तिचं नाव आम्ही चांपा ठेवलं. महिन्याभरात तरु छाती घट्ट बांधून आखाड्यात परतली. त्या पौषाच्या जत्रेत गोसाईंनी देहाच्या संयमावर गाणं म्हटलं. मागे तरु डुग्गी वाजवत होती. ताल चुकला नाही.

पुढे ती रोज सकाळी झोळी घेऊन आधी आमच्या दारात यायची. चांपा चालायला लागल्यावर तीच मूठभर तांदूळ घालायची. अर्धे खाली सांडायचे. तरु बसून एकेक दाणा वेचायची. हे गोसाईंच्या कानावर गेलं.

"मधमाशी रोज एकाच फुलावर बसत नाही, तरुदासी. दार बदल."

नियम खरा होता. तरुने वाद घातला नाही. तिने आणखी सात गावं धरली, रोज एक. आठव्या दिवशी आमचं. सगळ्यात लांबचं गाव चार कोसांवर, म्हणजे परत येईपर्यंत आठ. वैशाखातही अनवाणी. चांपाच्या लग्नापर्यंत एक फेरी चुकली नाही. मजुरीवर कुणी इतकं चाललं नसतं.

चांपाला मात्र ती आवडत नसे.

"आई, ती मावशी माझ्याकडे टक लावून का बघते गं? अंगावर काटा येतो."

"बघू दे. तिला लेकरू नाही," बायको म्हणायची आणि चुलीकडे तोंड फिरवायची.

मोठी झाल्यावर चांपा झोळी दिसली की आत जायची. "बाबा, तुम्हीच घाला." लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी मावशी नको. पाहुण्यांसमोर झोळी पसरून उभी राहील."

निरोप मीच नेला. तरु हसली. "दाजी, लग्नाचा दिवस पाचवा येतोय. पाचव्या दिवशी मी तशीही दुसऱ्या गावात असते."

गेल्या फाल्गुनात तिने अंथरूण धरलं. मी गेलो तर म्हणाली, "माझा खड्डा तुम्ही खणा. या चेल्यांना कुदळ धरता येत नाही, मला तिरकी बसवतील." भेक घेतलेल्याला जाळत नाहीत. बसवून पुरतात, भोवती मीठ घालतात. मग हळूच म्हणाली, "मिठाची पहिली मूठ चांपाच्या हातची पडू दे. तिला सांगू काही नका. फक्त मूठ."

चार दिवसांनी ती गेली. सत्तराव्या वर्षी मी एकट्याने साडेतीन हात खणलं. भिंती ओळंब्यात. आत उतरून तिला सरळ बसवलं. चांपाला मी निरोपावर निरोप धाडून बोलावलं होतं. ती सासूबरोबर आली.

गोसाई काठावर उभे होते. "भेक घेतलेल्याला रक्ताचं कुणी नसतं. मूठ चेल्यांची."

"गावची बाई म्हणून घालेल, गोसाई," मी म्हणालो. "लहानपणी झोळीत घालायची ती."

चाळीस चेले बघत होते. गोसाईंनी मान हलवली.

मी मिठाची टोपली पुढे केली. चांपाने टोपलीकडे बघितलंही नाही. पदराची गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ तरुच्या मांडीवर टाकले. "बाबा, ती यायची ती याच्यासाठीच ना?"

गोसाईंचा आवाज चढला नाही. "संसाराचं अन्न समाधीत चालत नाही. हराधन, उतर. वेचून काढ."

मी बोललो असतो तर चेल्यांनी ऐकलं असतं. चांपाच्या सासूनेही ऐकलं असतं. मी उतरलो. मांडीवरचे वेचले, कफनीच्या घडीतले वेचले, बोटांच्या बेचक्यातले वेचले. हातात घेतलेलं काम मी कधी अर्धवट सोडलं नाही. एक दाणा मागे राहिला नाही.