गुप्त चावीची यादी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, हसणारच तुम्ही!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी टायपिस्टचा कॉम्प्युटर ऑपरेटर झालो होतो. मुंबई ऑफिसातून रंगाची कृती ईमेलने यायची, तीही कुलूपबंद! ती उघडणारी गुप्त चावी फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये. बसवून देणारा इंजिनियर बजावून गेलेला, "ही चावी बायकोलासुद्धा दाखवू नका!" झालं! आमच्या सरावली गावात मी महिनाभर छाती काढून हिंडत होतो.

एके सकाळी साहेब म्हणाले, "चावी शाबूत आहे ना, एकदा बघून घ्या."

मी गुप्त चाव्यांची यादी मागणारा हुकूम टाइप केला. आणि काय सांगू! काळ्या पडद्यावर आकड्या-अक्षरांची माळ, शेजारी माझं पूर्ण नाव! अहो, चावी उघड्यावर!

मागे प्रयोगशाळेतले राऊतकाका उभे. ते मोठ्याने वाचायलाच लागले, "सात, बी, तीन..."

"काका, डोळे मिटा!" मी पडद्याला मिठीच मारली.

"आरं, झालं काय?"

"गुप्त चावी वाचलीत तुम्ही! विसरा ती! शपथ घ्या!"

"घेतली बाबा! मला तर सकाळी काय खाल्लं तेबी आठवत नाय!"

पण मला चैन कुठलं? फुटलेली चावी ठेवायची कशाला? पुसून टाकली. कॉम्प्युटरने दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा ठणकावलं, हो! शिवाय चावीची जादा प्रत असलेली, जपून ठेवलेली फ्लॉपीही कात्रीने कापली. केवढा मी दक्ष!

दुपारी कृती आली. उघडेचना. बॅच खोळंबली, साहेब लालबुंद. घाबरत इंजिनियरला फोन लावला.

"अहो, यादीत चावीचा नुसता नंबर दिसतो! चावी कधीच दिसत नाही!"

"म्हणजे मी पुसली ती..."

"खरी चावी! आता परवा येऊन नवी करून देतो."

परवापर्यंत थांबणार कोण? शेवटी मुंबईवाल्यांनी कृती फोनवरच वाचायला घेतली. लाइनवर नुसती खरखर. मग काय, खिडकीशेजारच्या फोनवर उभा राहून मी एकेक जिन्नस वजनासकट ओरडून परत म्हणत होतो. चांगला अर्धा तास!

घामाघूम होऊन फोन ठेवला, तर खिडकीबाहेर शेजारच्या रंग कारखान्याचा वॉचमन. हातात कागद-पेन्सिल.

"साबजी, सोडा चालीस किलो बोला, या चौदह?"

"चौदा!" मी खेकसलो. "चाळीस टाकाल तर अख्खी बॅच वाया जाईल तुमची!"