कमलचा सर्व्हर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मी अजून खोलीतून उठून जातो. का, ते इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नाही.

लातूरच्या घरात माझ्या बायकोनं, कमलनं, भंगारातल्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला होता. आधी मेमरी वाढवली, मग जुनीच पण मोठी डिस्क बसवली. तिनं रेकॉर्ड केलेली नायगावच्या बायकांची जात्यावरची गाणी त्यावरून कुठंही ऐकता यायची.

एका दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला. कूलर लावायला मी सर्व्हर बंद न करता त्याचा प्लग तसाच ओढला. झोपून उठल्यावर परत लावला, तर डिस्क नुसती टकटक करू लागली, गाणी काही उघडेनात. त्यांत गाणाऱ्या कमलच्या वारलेल्या मावशीचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

“लाइट गेलती का हो?” तिनं विचारलं.

“हाव. लई वेळ.”

तिनं वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडली आणि नव्या डिस्कसोबत बॅटरी मागवली. जोडून झाल्यावर मुद्दाम मेन स्विच पाडला. पंखा थांबला, सर्व्हर चालूच राहिला.

“आता जा म्हणावं लाइटला, कुठं जाती ते!” घामेजलेली कमल हसली.

“कमल, लाइट गेलीच नव्हती, मी प्लग काढला होता. माफ कर,” असं तेव्हाच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “चहा टाकतो.”

पुढं ती वारली, तोवर मी चहाच टाकत राहिलो.