ओठाचा उजवा कोपरा

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे मी जे मागितलं, ते कुठल्याही भक्ताने मागू नये. सात महिने मी माझं हसू मागत होते. त्या दिवशी मागितलं ते वेगळं होतं.

संक्रांतीला लकडगंजच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना नायलॉन मांजाने माझा उजवा गाल कापला. जखम भरली, पण चेहऱ्याच्या नसेची तुटलेली टोकं एकमेकांना जोडण्याजोगी उरली नव्हती. ओठाचा कोपरा खाली लोंबू लागला. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. चावण्याच्या स्नायूला जाणारी एक नस त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने हसण्याच्या नसेच्या गालातल्या टोकाला जोडली. यानंतर हसायचं तर आधी दात आवळायचे. हालचाल यायला चार-सहा महिने लागतील, कदाचित येणारही नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात वनिताचंही तेच ऑपरेशन झालं. ती भिवापूरची, मिरचीचे देठ खुडायच्या कामावर जाणारी. मळणीयंत्राचा पट्टा तुटून तिच्या गालावर बसला होता. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत आम्ही आरशापुढे शेजारी बसायचो. मी घरीही दिवसातून चार वेळा घड्याळ लावून सराव करायचे, शिवाय देवीचा जप. वनिता सराव विसरायची. तरी तिसऱ्या महिन्यात तिच्या ओठाचा कोपरा हलला. माझा नाही.

"आरशाले काहून भिऊन राहिल्या, बाई?" ती म्हणाली. "मी तं देठ खुडता खुडता दात आवळतो. बाया म्हनतात, एकटीच हासते, पागल झाली."

खोलीतले सगळे हसले. मी रुमाल तोंडावर धरला. पुढे तिची वेळ टाळून जाऊ लागले, तिचे फोन उचलणं बंद केलं. जप करतानाही तिचाच चेहरा डोळ्यांपुढे यायचा.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिला, माझ्यासोबत दवाखान्यात येणाऱ्या सासूबाईंनी परस्पर बोलावलं. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "महालक्ष्म्याईच्या जेवणाले मोजून मानसं बोलावते का वं कोनी?"

वनिता पंगतीला बसली. बायका तिला म्हणत होत्या, "हासून दाखव वं!" आणि ती पुन्हा पुन्हा हसत होती. मी कढीचं भांडं घेऊन समोर उभी होते. मुखवट्यांकडे पाहून मनात म्हणाले, हिचं हसू जाऊ दे. दात घट्ट आवळले गेले.

वनिता हसायची थांबली. माझ्याकडे पाहत ओरडली, "आलं वं माय! बाई, आलं तुमचं!" ती पानावरून उठली आणि डाव्या हाताने माझी हनुवटी धरली. "आवळा. अजून आवळा!"

मी आवळले. ओठाचा कोपरा वर ओढला गेला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"देवीले काय मांगतलं होतं?" वनिताने विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "तुझं हसू जावं, असं."

ती पानावर परत जाऊन बसली. मग म्हणाली, "नाही ऐकलं ना तिनं. वाढा आता, कढी थंडी होऊन राहिली."

ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात हालचाल येणं अपेक्षितच होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते मान्य आहे. पण महिनोन्महिने आरशात जे मला सापडलं नाही, ते पहिल्यांदा तिला दिसलं, आणि तेही मी तिचं वाईट चिंतत असताना. याचा हिशेब मला लावता येत नाही, आता लावायचाही नाही. हल्ली देवीपुढे बसते तेव्हा काही मागत नाही. काय द्यायचं ते तिला कळतं. वनिताचा फोन मात्र पहिल्याच घंटीला उचलते.

देवीने त्या दिवशी माझं ऐकलं नाही, यासाठी मी तिची ऋणी आहे.