चुंबकावरचे चार स्क्रू

आमच्या वीज कार्यालयात मीटर तपासणाऱ्या माणसाला सगळे सीलमास्तर म्हणत. मी बिलाच्या विभागात, ते मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमधल्या तपासणीच्या खोलीत. तीस वर्षं आमच्या दोन टेबलांमध्ये एक भिंत आणि एक खिडकी होती. त्या खिडकीतून त्यांनी माझ्याकडे सरकवलेले अहवाल मी क्रमाने लावून ठेवलेले आहेत. एकही गहाळ नाही.

मास्तर उंचीने बेताचे, खांदे उतरलेले. गुडघे पन्नाशीतच कुरकुरायला लागले होते, कारण आयुष्यभर जिने. खाकी पिशवीत सील मारायची पक्कड असे. पकडीच्या तोंडावर सतरा हा आकडा कोरलेला. शिशाच्या सीलवर सतरा उमटलेला दिसला की ते मीटर मास्तरांच्या हाताखालून गेलं, हे कोणीही सांगावं. त्या आकड्याचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. फक्त कोणी पक्कड उसनी मागितली की म्हणत, "माझा दात काढून नेतोस का त्यापेक्षा?"

पिशवीत आणखी दोन वस्तू. एक औषधाची छोटी काचेची बाटली, तिच्यात चिमूटभर लोखंडाचा कीस. जुन्या मीटरला चुंबक लावून चकती मंद करणाऱ्यांचे दिवस होते तेव्हाची ती युक्ती. मीटरजवळ बाटली नेली आणि कीस केसासारखा उभा राहिला, की चुंबक जवळपासच कुठेतरी दडवलेलं आहे. ही बाटली मास्तरांनी स्वतःच्या डोक्याने काढली होती. तेव्हा वरच्या कचेरीने एक छापील शाबासकीपत्र दिलं, आणि मास्तरांनी उत्तरादाखल तीन पानांचा अर्ज पाठवला: मीटरला चुंबक जाणवलं तर मीटरनेच ओरडून सांगावं, अशी सोय व्हावी. अर्ज कुठे गेला कळलं नाही. घरी वहिनी म्हणायच्या, "जगाची चोरी पकडतात. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतोय त्याला झाले दोन महिने."

दुसरी वस्तू म्हणजे एक वाटोळं चुंबक, बाटलीच्या बुचाएवढं. मीटर उघडलं की त्याचे स्क्रू मास्तर त्या चुंबकावर लावून ठेवत आणि चुंबक मीटरच्या लोखंडी पेटीवर चिकटवत. काळोख्या जिन्यात स्क्रू पडला तर तो शोधायला वाकायचं कोणी? गुडघ्यांपायी लागलेली सवय. हात आपोआप करत.

नवी मीटरं आली तेव्हा मास्तरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं. ही मीटरं खरंच ओरडत. झाकण उघडलं, चुंबक जवळ आलं, की निरोप निघे. आणि तोही वेगळ्या तारेतून नाही. घरात दिवा ज्या तारेने लागतो त्याच तारेवरून तो निरोप कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरशी बसवलेल्या डब्यात पोचे, तिथून आमच्याकडे यादीत. मास्तरांनी पहिली यादी हातात घेतली, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "रावसाहेब, वीस वर्षांनी का होईना, अर्ज वाचला वाटतं कोणीतरी."

पुढे मात्र ते थकत गेले. यादी यायची, रोज चाळीस-पन्नास नोंदी. मीटर काढून आणा, जोडणी तोडा, फॉर्म भरा, सही करा. पूर्वी मास्तर एकेका मीटरशी अर्धा तास बसत, कानाला लावून ऐकत. आता फॉर्ममध्ये 'निरीक्षण' हा रकानाच नव्हता. 'चुंबक: होय / नाही.' बस्स.

त्या यादीत एक नोंद होती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची. तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी मोटरवर चालणारं शिलाई मशीन. शाळेच्या गणवेशांवर घर चाले. त्यांचं जुनं मीटर जळालं म्हणून त्या इमारतीतलं पहिलं नवं मीटर त्यांना मिळालं होतं. मास्तरांनीच बसवलं होतं. त्यानंतर अठरा दिवसांनी यादीत निरोप: चुंबक.

मास्तर गेले, नियमाप्रमाणे खोलीत पाहणी केली. मशीनच्या खणात चुंबक सापडलं. बाई म्हणाल्या, "अहो, ते टाचण्या उचलायचं आहे. रात्री लेकीच्या पायात जातात." मास्तरांनी पंचनाम्यात लिहिलं: घरात चुंबक आढळले. मीटर काढलं, सही केली.

इमारतीचा मालक वरच्या मजल्यावर राहतो. त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, वीज चोरणारं बिऱ्हाड मला नको, महिनाअखेर खोली रिकामी करा. जिन्यातल्या बायकांनी बोलणं सोडलं. गणवेशाची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली, कारण पायाने मशीन मारून दीडशे गणवेश वेळेत होत नाहीत.

बाई आमच्या कार्यालयात दोनदा आल्या. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "ताई, मी तुम्हाला चोर म्हणत नाही. मीटर म्हणतंय. आणि मीटर खोटं बोलत नाही."

तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा महिना संपायला सहा दिवस राहिले होते. रडल्या नाहीत. मास्तर समोर एक मीटर उघडून बसले होते. त्यांच्या हाताकडे बघत बाई म्हणाल्या, "माझ्याकडे टाचण्यांचं चुंबक आहे म्हणून मी चोर. मग तुमच्याकडे हे काय आहे?"

मास्तरांनी खाली पाहिलं. पत्र्याच्या टेबलावर चुंबक, त्यावर चार स्क्रू.

"माझं मीटर बसवताना तुम्ही हेच पेटीवर चिकटवलं होतं," बाई म्हणाल्या. "मी पाणी घेऊन आले होते. मनात म्हटलं, अगदी माझ्यासारखंच करतात हे. मला हसूसुद्धा आलं होतं."

मास्तर उठले, मांडणीवरून बाईंचं मीटर काढलं आणि त्याला वाचनयंत्राची तार जोडली. यादीत असते ती निरोप पोचल्याची तारीख. तो निघाला कधी, हे मीटरच्या पोटात लिहिलेलं असतं; ते वाचायला अर्धा तास लागतो आणि फॉर्म ते मागत नाही. मी खिडकीतून बघत होतो. अर्ध्या तासाने त्यांनी मला हाक मारली.

"बसवल्याची नोंद काढा. वेळेसकट."

मी वही काढली. अकरा पाच ते अकरा पस्तीस. मीटरच्या पोटातली वेळ होती अकरा बारा. तारीख तीच.

एरवी असे निरोप त्याच दिवशी पोचत आणि बसवल्या दिवशीच्या नोंदी यादी आपणच गाळून टाकी. म्हणून मास्तरांच्या चुंबकाचा कधी कोणाला पत्ता लागला नाही. पण या इमारतीच्या तळमजल्यावर वेल्डिंगचं दुकान. ते यंत्र चाललं की तारेत अशी खरखर उठते की मीटरचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. मीटर बिचारं रोज दुपारी ठरलेल्या वेळी, दुकान चालू असतानाच, तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं. अठरा दिवसांनी दुकानदार गावाला गेला, तार शांत झाली आणि निरोप पोचला.

बाईंना मास्तर एवढंच म्हणाले, "ताई, आज घरी जा. उद्या मी येतो." त्या गेल्या. खोलीत आम्ही दोघं उरलो.

मी जे बोललो ते लिहायला हवं. मी म्हणालो, "मास्तर, निवृत्तीला चार महिने राहिलेत. 'तांत्रिक दोष' लिहा आणि नवं मीटर द्या. बाईंचंही काम होईल, तुमचंही."

"दोष कोणाचा?"

"मीटरचा. त्याला काय वाटायचंय!"

मास्तर हसले, पण तोंडभर नाही. "रावसाहेब, दोष लिहिला की प्रकरण संशयाचा फायदा म्हणून मिटतं. संशय राहतोच. तो मालक तेवढ्यावर तिला ठेवेल? तुम्ही ठेवाल?"

मी वही मिटून ठेवली.

त्यांनी साध्या कागदावर सात ओळी लिहिल्या. चुंबक माझे होते. सवयीने पेटीवर ठेवले. मीटरमधील वेळ न वाचता सही केली. ग्राहकाचा काहीही संबंध नाही. आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "मास्तर, हे मी वर पाठवलं की पक्कड जमा करावी लागेल. आजवरच्या सगळ्या सह्या तपासतील."

"तपासू द्या. मलाही आता खात्री नाही."

हे वाक्य मला फार लागलं. तीस वर्षांनी माणसाने असं म्हणावं. साहेबांनी कागद घेतला, आणि सतरा नंबरची पक्कड त्याच दुपारी कपाटात गेली. तो आकडा रद्द झाला. उरलेले चार महिने मास्तरांना माझ्या शेजारी, जुन्या फायलींना दोरे बांधायला बसवलं.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या इमारतीत गेलो. सील मारायला दुसरा तपासनीस बरोबर होता. मास्तरांनी नुसते स्क्रू सांभाळले, चुंबकावर नाही, शर्टाच्या खिशात. दिवा लागला. बाईंनी मशीनची मोटर चालू करून बघितली, बंद केली. आभार मानले नाहीत.

"झालं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदावर झालं. जिन्यात कोण सांगणार? तोडलं तेव्हा सगळी दारं उघडी होती."

मास्तर म्हणाले, "बरोबर आहे."

तपासनीस निघून गेला आणि आम्ही तळमजल्यापासून सुरुवात केली. अकरा दारं. प्रत्येक दाराशी मास्तर तेच सांगत. मी मीटरवाला. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी चोरी केली नव्हती. चूक माझी होती. वेल्डिंगवाला म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे?" मास्तर म्हणाले, "नाही हो, तुम्ही तुमचं काम करत होता." एका आजोबांना ऐकू येईना, त्यांना ते ओरडून सांगावं लागलं, म्हणजे दोन दारांचं काम एकदम झालं. एका बाईंनी नुसतंच "हो का" म्हणून दार लावलं. दुसऱ्या मजल्यापासून मास्तर कठडा धरून एकेक पायरी चढत होते.

मालकाच्या दाराला कुलूप होतं. मी म्हणालो, "चिठ्ठी टाकू."

"चिठ्ठी कोणीही टाकतं," असं म्हणून ते पायरीवर बसले. मीही बसलो. तासभर वाट बघितली.

मालक आला तो पिशव्या घेऊन, धापा टाकत. मास्तर उठले आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ते ठीक. पण मग चोरी केली कोणी?"

"कोणीच नाही. चोरी झालीच नाही."

"असं कसं? चोरी झाल्याशिवाय मीटर का तोडतं कोणी?"

मास्तरांनी खिशातून आपलं चुंबक काढलं, मालकाच्या लोखंडी दाराला चिकटवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चार स्क्रू, अकरा बारा, वेल्डिंग, अठरा दिवस. मालकाने दाराकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"बरं. राहू दे तिला," तो म्हणाला. "मी कळवतो."

"कळवतो नको," मास्तर म्हणाले. "चला ना खाली, ताईंना स्वतः सांगा. मला एवढा एकच मजला उतरायचाय, तुमच्याबरोबर."

मालकाने कुरकुरत पिशव्या दाराशी ठेवल्या. ते दोघं पुढे, मी मागे. चुंबक दारालाच राहिलं. माझ्या लक्षात आलं होतं. मास्तरांच्याही आलं असावं. कोणीच परत वर गेलं नाही.