पदराआडून सांगितलेले शब्द

चतुराबाईचं मन कशातच लागेना. भाकरी तव्यावर करपत होती आणि तिचे डोळे ओसरीवर. तिथं हणमंतराव समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलून राहिले होते. बजरंग आलाय, त्याला चहा दे, म्हणाले. बजरंग त्यांचा धाकटा भाऊ, त्याला जाऊन कैक वर्षं झाली. आता बोला!

रेणापुरात या बाईचा एका बाबतीत कुणी हात धरू शकत नव्हतं. लग्नात समोरून येणाऱ्या पाहुण्याचं नाव नवऱ्याला आठवायचं नाही. मग ही पदर तोंडाशी धरून हळूच सांगायची, निटूरचे मामा. की लगेच हणमंतराव छाती काढून, या मामा! लोकांना वाटायचं, काय दांडगी याद हाय गड्याची. सगळा संसार असाच झाला आणि त्यात तिला कधी वावगं वाटलं नाही.

मग त्यांचा हात थरथरू लागला. कंपवात निघाला. लातूरच्या डॉक्टरांनी मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. थरथर डोळ्यांना दिसते, पण डोकं किती चालतंय ते घरबसल्या कळावं म्हणून. दर आठवड्याला ते पाच शब्द ऐकवायचं, मधे चित्रं जुळवायला लावायचं आणि पुन्हा तेच शब्द विचारायचं. पाठवलं की बोललेलं सगळं डॉक्टरांकडं जायचं. मुलगा शिवम नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला. त्यानं आधीच बजावलं होतं, दादांची, म्हणजे वडलांची, याद ढिली झाली तर शेत बटईनं देऊन दोघांना नांदेडला नेणार. शेताबिगर हा माणूस चार दिवस तरी तग धरील का? बाईनं पदर तोंडाशी धरला आणि पाचही शब्द नवऱ्याच्या कानात सांगितले. दर खेपेला सांगितले.

डॉक्टर खूश झाले. डोकं शाबूत आहे, तर थरथरीची गोळी वाढवू म्हणाले. याद ढिली असेल तर ती गोळी सोसत नाही, भलतंसलतं दिसतं, हेही त्यांनी सांगितलं होतं. चतुराबाईनं ते नीट ऐकलं आणि गप्प बसली. थरथर कमी झाली खरी, पण बजरंग येऊन बसू लागला.

आज पुन्हा परीक्षेचा दिवस. सकाळपासून बाई आतबाहेर करत होती. शिवमला फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेवटी ॲप उघडून नवऱ्याजवळ बसली.

विहीर, कंदील, पोपट, चाळणी, रेल्वे. चित्रं जुळवून झाली. मोबाइलनं शब्द विचारले.

"विहीर," हणमंतराव म्हणाले. "पोपट." मग सवयीनं त्यांनी कान तिच्याकडं केला.

चतुराबाईनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं.

"तुमाला याद हाय तेवढंच सांगा," ती म्हणाली.

भरल्या बाजारात मायनं बोट सोडलेल्या पोरासारखं त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग खुर्चीकडं वळले.

"बजरंग, फुडचं काय रे?"

मोबाइल ते सगळं ऐकत होता. पुसून पुन्हा बोलायची सोय त्यात होती आणि ती कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तसंच पाठवून दिलं. मग शिवमला फोन लावला आणि तो उचलीपर्यंत कानाला दाबून धरला.

"बाळा, दादाची परीक्षा आजवर मीच दिऊन राहिले होते," ती म्हणाली. "लवकर ये."