चाकाला बांधलेला रुमाल

हे म्या बायकोला सांगितलं न्हाई, देवापुढंबी बोललो न्हाई. तुमाला सांगायलोय — का, ते मलाच कळंना.

आमच्या चारीचं, म्हंजे कॅनॉलच्या फाट्याचं, पाणी रस्त्याखालच्या पाईपातून जातं. पाईपाच्या अलीकडच्या तोंडाला चाकानं वर-खाली व्हणारं लोखंडी दार हाय. अलीकडं माझा ऊस, पल्याड सोपानचा भुईमूग. उन्हाळ्यात कॅनॉलची पाळी आली की रिवाज ठरलेला — पाईप साफ करायला कुणी आत शिरलं, तर त्यानं आपला रुमाल दाराच्या चाकाला बांधायचा. रुमाल हाय तवर दाराला कुणी हात लावायचा न्हाई.

त्या साली ऊस वाळायलता. सोपानला पाणी मागितलं असतं तर दिलं न्हसतं का? दिलं असतं. पण मागायचं कुणी — मी? म्या मातीचं पोतं पाईपात कोंबलं. पाणी माझ्याच रानात राह्यलं. त्याचा भुईमूग फुलात असताना माना टाकायला लागला.

"नाना, उंदरानं घाण केली वाटतं. बघून येतो," सोपान मला म्हणला. दार पाडलं, रुमाल बांधला, पल्याडच्या तोंडानं आत गेला. भर दुपार. चिटपाखरू न्हाई.

आन मग मला आठवलं — पोत्यावर माझं नाव हाय. गिरणीत बदलू नये म्हणून म्याच रंगानं लिव्हलेलं. आता हा पोतं चावडीवर नेणार. माझ्या शब्दावर गाव पाळ्या लावतं, आन माझं नाव असं...

रुमाल म्या सोडला. दार म्या उचललं.

वाटलं, पाण्याचा आवाज ऐकून माघारी फिरंल. खरंच तसं वाटलं व्हतं का? आजबी छातीवर हात ठेवून सांगता येत न्हाई. पल्याड बघत उभा राह्यलो. कुणी बाहेर येईना. मग पोतं बाहेर आलं, वाहून गेलं. त्याच्या मागं सोपान — डोकं फुटलेलं, तोंडात चिखल. त्याचा एक कान तवापून गेला.

लोक जमले. रुमाल कुठं, म्हणले. "न्हवताच, म्हणून तर दार उचललं," म्हणलो. तो माझ्या बंडीच्या खिशात व्हता.

"सोपान, लग्नात तरी गाठ नीट बांधली व्हती का रं?" कुणीतरी म्हणलं. समदे हासले. सोपानबी हासला. "सैल बसली असंल. वाऱ्यानं नेला," म्हणला.

आता तो रुमाल बांधत न्हाई. दर पाळीला मला बोलावतो. "तुमी चाकापाशी बसा, नाना. रुमाल उडतो, तुमी थोडेच उडताव?" आन आत शिरतो. मी चाक धरून बसतो. तो बाहेर येईस्तवर मला माझ्याच हातांचं भेव वाटतं.